होडीवर फायबरग्लास चढवू नका: एक खुले पत्र

प्रति,
कार्यकारी मंडळ व बांधकाम उपसमिती,
ज्यांच्या आवारात ती शिडाची होडी पत्र्याखाली उभी आहे त्या संस्थेस,
वडोदरा.

सप्रेम नमस्कार.

आपण काढलेली दुरुस्तीची निविदा आम्ही वाचली. कुजलेल्या फळ्या बदलणे, फटी इपॉक्सी पुटीने बुजवणे, बाहेरून फायबरग्लासचे दोन थर, आतबाहेर सिंथेटिक रंग, मुदत ९० दिवस आणि शेवटी होडी तलावात सोडून पर्यटकांना फेऱ्या. जुनी होडी भंगारात न देता तिच्यावर खर्च करायला आपण तयार झालात, ही गोष्ट मोठी आहे. पण काम या क्रमाने झाले तर दोन-तीन पावसाळ्यांत होडी आतून जाईल आणि वरचे चकचकीत कवच ते कुणाला दिसू देणार नाही. निविदेची मुदत संपण्याआधी लिहिणे म्हणून गरजेचे वाटले.

सगळ्यात आधी एक गोष्ट ठरवा: ही होडी पाण्यात राहणार की मांडवात? निविदेत दोन्ही आहे आणि घोटाळ्याचे मूळ तिथेच आहे. पाण्यात राहणाऱ्या होडीचे लाकूड ओले, फुगलेले लागते. मांडवात राहणाऱ्या होडीचे लाकूड कोरडे आणि वर्षभर एकसारखे लागते. वर्षातले चार महिने पाण्यात आणि आठ महिने पत्र्याखाली, हे लाकडी होडीला सोसत नाही.

याचा हिशेब साधा आहे. पाण्याखालच्या फळीत ओलावा २८ ते ३० टक्के असतो. वडोदऱ्याच्या एप्रिल-मेमध्ये, गरम वाऱ्यात, तीच फळी ८-९ टक्क्यांवर येते. साग पूर्ण ओला असल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत वर्षवलयांच्या दिशेने साधारण ५.८ टक्के आकसतो, त्रिज्येच्या दिशेने २.५ टक्के. म्हणजे २०० मिलिमीटर रुंदीची फळी, ती ओंडक्यातून कशी कापली आहे त्यानुसार, साधारण साडेतीन ते आठ मिलिमीटर अरुंद होते. आपल्या होडीला प्रत्येक बाजूला बारा फळ्या आहेत. आज जिथे बोट जाते त्या फटी याच आकसण्याच्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच फटी रोग नाहीत, फक्त उन्हाळा आहे.

आता या उघड्या फटींत इपॉक्सी पुटी भरली की ती दगडासारखी बसते. होडी पाण्यात गेली की फळ्या फुगतात, पण फुगायला जागा उरलेली नसते. मग फळीच्या कडा चुरडतात, फळी वांकावरून (फळ्या ज्यावर ठोकतात त्या आतल्या बाकदार फासळीवरून) उचलली जाते, खिळे उपटतात किंवा तुटतात. कधी कधी वांकच मधोमध चिरतो. बाहेरून एवढेच दिसते की होडी पहिल्या दिवशी गळत नव्हती, आठव्या दिवशी गळू लागली. मग कंत्राटदार आणखी पुटी भरतो.

फायबरग्लासचे तर त्याहून वाईट. सागाच्या लाकडात स्वतःचे तेल असते, त्यावर पॉलिस्टर रेझिन नीट चिकटत नाही. लाकूड हलते, काच हलत नाही, म्हणून कडेने थर सुटतो आणि मधल्या पोकळीत पाणी शिरते. आतून पावसाचे पाणी येतच असते. ते लाकडात मुरते आणि बाहेर पडायला वाट राहत नाही. कुजवणाऱ्या बुरशीला २० टक्क्यांहून जास्त ओलावा, हवा आणि ऊब पुरते, आणि आपल्या शहरात जुलै ते सप्टेंबर तिला हे तिन्ही फुकट मिळते. समुद्राचे पाणी लाकडाला तितके मारत नाही, मीठ थोडेफार राखते. लाकडी होड्यांना खरा घात गोड्या पाण्याचा, म्हणजे पावसाचा, असतो. आपली होडी वर्षानुवर्षे समुद्रात टिकली आणि बागेत कुजली, यात नवल काही नाही.

मग कुजले कुठे आहे, ते कसे ओळखायचे? निविदेत “सर्व खराब फळ्या” असे मोघम लिहिले आहे. त्याचा अर्थ ज्याला जास्त फळ्या विकायच्या आहेत तो लावेल. एक टोचा आणि एक छोटी हातोडी घेऊन दोघांनी दोन दिवस होडीभोवती फिरावे. चांगल्या लाकडावर हातोडी टणक वाजते, कुजलेल्यावर बद्द. बद्द वाजले तिथे टोचा लावावा. तो पाच-सहा मिलिमीटर सहज आत गेला आणि उपटताना लांब धस निघण्याऐवजी भुसा पडला, तर तिथे लाकूड गेले. खडूने गोल करावा, फोटो घ्यावा, नकाशावर नोंद करावी. बहुतेक खुणा ठरावीक जागीच पडतील: नाळेत, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या उभ्या लाकडात, फळ्यांची टोके जिथे अडकतात तिथे, डोलकाठीच्या बुडाशी, काठाच्या पट्टीखाली आणि वांकांखालून पाणी वाहायची भोके तुंबलेल्या भागात. डोलकाठीचे बूड विशेष पाहा. वरून पावसाचे पाणी काठीवरून ओघळते आणि खालच्या खाचेत साचते. वर रंग कोरा असतो आणि आत हात घातला तर चहाची पत्ती निघते.

खिळ्यांविषयी थोडे जास्त लिहितो, कारण निविदेत त्यांच्याबद्दल एकच ओळ आहे, “स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरावे”. चोवीस वांक, दोन्ही बाजूंच्या चोवीस फळ्या आणि प्रत्येक गाठीवर दोन खिळे धरले तर अकराशेच्या घरात खिळे होतात. एखादा खिळा उघडून पाहिला की बरेच कळते. डोक्यावरची जुनी पुटी खरवडली की खाली तेलात भिजवलेल्या सुताची पट्टी दिसते. कारागिराने पाणी आत जाऊ नये म्हणून ती गुंडाळलेली असते. फळीच्या जाडीत खिळा बहुधा शाबूत असतो, कारण सागातले तेल लोखंडाला सांभाळते. पुढे तो बाभळीच्या वांकात शिरतो. बाभळीत टॅनिन भरपूर, चामडे कमावायला तिची साल वापरतात ती त्याच्यासाठीच. ओलाव्यात लोखंड आणि टॅनिन एकत्र आले की खिळ्याभोवती निळसर काळे वलय धरते, लाकूड मऊ पडते आणि खिळा मधेच सुईसारखा बारीक होतो. डोके बाहेर घट्ट, टोक आत वळवून ठोकलेले, आणि मधे पकड काहीच नाही. म्हणून बाहेरून खिळा हलत नाही यावर विसंबू नका. दर पाच वांकांमागे एका वांकावरचे दोन-तीन खिळे काढून पाहिल्याशिवाय किती बदलायचे ते ठरवता येणार नाही.

नवे खिळे जुन्याच भोकात मारू नयेत. जुने भोक सागाच्या खुंटीने बुजवावे आणि शेजारी, फळीच्या धाग्याच्या वेगळ्या ओळीत, आधी बारीक ड्रिल करून नवा खिळा मारावा. गरम जस्तात बुडवलेले चौकोनी खिळे मागवा. विजेवर मुलामा दिलेले बाजारात चमकदार दिसतात, पण त्यांचा थर इतका पातळ असतो की ठोकतानाच सोलतो. स्टेनलेस स्टील ओल्या लाकडाच्या आत, हवा न मिळणाऱ्या जागी, खड्डे पडून गंजते. तांबे किंवा पितळ जुन्या लोखंडाशेजारी लावले तर खारट ओलाव्यात लोखंडाचा बळी जातो. जुन्या लोखंडाला नवे जस्ताचे लोखंड, एवढी जोडी पुरते.

फटींबाबत अजून एक धोका. गुजरातच्या किनाऱ्यावर फळ्यांच्या कडांना खाचा करून एकीत दुसरी बसवण्याची जुनी रीत आहे. तिला वाढेरा म्हणतात. अशा सांध्यात बाहेरून दिसते ती रेघ म्हणजे ठासायची फट नव्हे. कंत्राटदाराच्या माणसाने ग्राइंडर लावून ती रुंद केली तर सांध्याचा ओठच जाईल आणि मग कोणताही उपाय चालणार नाही. आपल्या होडीच्या खालच्या चार फळ्या अशा दिसतात, वरच्या साध्या काठाला काठ लावलेल्या. एक फळी टोकाला सोडवून पाहिल्याशिवाय ग्राइंडर हातात देऊ नका. खरे तर कोणत्याच फटीत देऊ नका.

होडी आज ज्या आधारावर उभी आहे तो आधारही चुकीचा आहे. मधे चार लाकडी ठोकळे आणि दोन्ही टोके अधांतरी. मधला भाग उचललेला, नाळ आणि सुकाणूची बाजू खाली लोंबलेली, अशी पठाणाला, म्हणजे होडीच्या बुडाच्या कण्याला, पाठीसारखी कमान आली आहे. नाळेपासून मागच्या टोकापर्यंत बारीक तार ताणून दर अर्ध्या मीटरवर अंतर मोजा, म्हणजे कमान किती ते कळेल. ती एका दिवसात जॅक लावून सरळ करू नये. सव्वा-सव्वा मीटरवर आधार द्यावेत, सगळे वजन पठाणावर घ्यावे, बाजूचे टेकू फक्त डुलू नये म्हणून आणि वांकाच्या रेषेतच. मग पाचरी दर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर हलवाव्या. लाकूड कित्येक वर्षांत वाकले आहे, उलट यायला महिने घेणारच. कमान तशीच ठेवून फळ्या बदलल्या तर नव्या फळ्या त्या वाकड्या आकाराला कायमच्या कुलूप लावतील.

आणि ठोकळे जमिनीवर लाकडाचे नकोत. वडोदऱ्याच्या मातीत वाळवी आहे. ती ठोकळ्यातून वर येते, सागाच्या गाभ्याला सहसा सोडते, पण बाभळीच्या वांकाचा पांढरा भाग खाते. काँक्रीटचे ओटे करा, त्यांवर बाहेर वळवलेल्या कडांचा पत्रा, त्यावर लाकूड. आतून वांकांना बोरिक आम्ल १ भाग आणि बोरॅक्स दीड भाग यांचे ५ टक्क्यांचे कोमट द्रावण दोन-तीनदा मारावे. पावसात हे औषध धुऊन जाते, म्हणून छप्पर आधी.

इथपर्यंत वाचल्यावर आपण विचाराल, मग होडी पाण्यात सोडायची की नाही? आमचे स्पष्ट मत: ही सोडू नका. हिला मांडवात जपा आणि हिच्या मापाने नवी बांधा.

कारण निविदेतले अंदाज धरले तर पाण्यासाठी होडी तयार करायला दोन-तृतीयांश फळ्या, निम्मे वांक आणि बहुतेक सगळे खिळे बदलावे लागतील. मग उरेल ते जुने नाव आणि एक पठाण. एवढ्या पैशांत नवी होडी होते, आणि जुनी होडी, जिच्यावर कारागिरांनी केलेल्या तासणीच्या खुणा अजून आहेत, पुराव्यासाठी राहते. लाकूड जपले तर टिकते याची शंका नको. मुंबईच्या गोदीत वाडिया मिस्त्रींनी सागाची बांधलेली ट्रिंकोमाली ही युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली आणि आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. ते वाडिया घराणेही मूळचे सुरतचे, लवजी नसरवानजी १७३६ मध्ये तिथून मुंबईला गेले. म्हणजे ही विद्या आपल्या दारातली.

पर्यटकांच्या फेऱ्यांबद्दल मात्र एक कडवट गोष्ट सांगितलीच पाहिजे. ही मालवाहू होडी आहे. तिच्या पोटात वाळूच्या गोण्या, दगड किंवा माल असेल तेव्हाच ती शीड पेलते. पोट रिकामे ठेवून वर वीस माणसे उभी केली तर वजनाचा मध्य वर जातो आणि माणसे एका बाजूला फोटो काढायला धावली की ती कलते. जानेवारी २०२४ मध्ये हरणी तलावात शाळेच्या मुलांची बोट उलटली, ते या शहराला सांगावे लागणार नाही. कोणतीही होडी, जुनी वा नवी, कलण्याची चाचणी न घेता आणि माणसांची संख्या काठावर रंगवल्याशिवाय पाण्यात जाऊ नये. शिवाय सोडणार कुठे? सूरसागर तलावाभोवती इमारती, मधे शंकराची मूर्ती, वारा भोवरे घेतो. आजवा जलाशयाचे पाणी शहर पिते, तिथे समुद्री रंगातले तांबे नको. विश्वामित्री नदीत मगरी. नवी होडी बिलीमोऱ्याच्या खाडीत उतरवा, तिथे पाणीही ओळखीचे आहे आणि मिस्त्रीही.

नवी बांधायची तर आधी जुनीची मापे घ्या. मध्यरेषेवर दोरी, दर ५०० मिलिमीटरवर ओळंबा, प्रत्येक जागी फळीच्या कडेपर्यंतचे आडवे-उभे अंतर, चूक ३ मिलिमीटरच्या आत. लेसर स्कॅन करणारे शहरात मिळतात, पण स्कॅनमध्ये फळीखालचा सांधा दिसत नाही. दोन्ही करा.

लाकडाचे म्हणाल तर नऊ मीटरच्या होडीला फळ्या, पठाण, वांक आणि वायाला जाणारे धरून साधारण सव्वाशे घनफूट लाकूड लागेल. गायकवाडी सरकारने १९१३ मध्ये बिलीमोरा ते वघई अशी ६३ किलोमीटरची छोटी रेल्वे टाकली, तीच मुळी डांगच्या जंगलातले लाकूड आणायला. आज बाजारात मिळणारा बराचसा साग परदेशी लागवडीचा, कोवळा असतो. तो नाकारू नका, पण फिकट पांढरा भाग असलेली प्रत्येक फळी परत करा. त्या भागाला सागाचा टिकाऊपणा नसतो. फळ्या २८ ते ३० मिलिमीटर जाड, हवेत सुकवलेल्या, साधारण इंचाला एक वर्ष. भट्टीत घाईने सुकवलेली फळी वाफेवर वळत नाही, तडकते. वाफेचा हिशेबही जाडीवर: दर २५ मिलिमीटरला तासभर. वांकांसाठी देशी बाभूळ, झाडातच नैसर्गिक वाकलेली, म्हणजे धागा वाकाबरोबर फिरतो. सरळ लाकडातून वाक कापला तर धागा आडवा येतो आणि तिथेच मोडतो. कंत्राटदार बावळ (बाभळीचे गुजराती नाव) म्हणून गांडा बावळ, म्हणजे वेडी बाभूळ, आणून टाकेल. पाने पाहूनच घ्या.

फळीला फळी जोडताना जाडीच्या आठपट लांब तिरका सांधा, म्हणजे ३० मिलिमीटरला २४० मिलिमीटर. शेजारच्या दोन फळ्यांचे सांधे किमान तीन वांकांच्या अंतराने. जुन्या होडीत एखादीच फळी बदलायची असेल तरी हाच नियम, आणि एका वेळी एका बाजूच्या लागोपाठ दोन फळ्या कधीही काढू नका. उजवीकडची एक, मग डावीकडची एक.

फट भरण्याचे काम घाईने होत नाही. फट बाहेर दीड-दोन मिलिमीटर उघडी, आत मिटलेली, इंग्रजी व्हीसारखी. आधी फटीला रंग पाजायचा. मग सुताची वळी लोखंडी ठोकणीने आत बसवायची. सूत लांबीने नुसते ताणून भरायचे नाही, छोट्या छोट्या घड्या घालत जायचे, रुंद जागी घडी मोठी, अरुंद जागी लहान. लाकडी मोगरीचा आवाज सुरुवातीला पोकळ येतो आणि सूत बसले की बारीक, खणखणीत होतो. अनुभवी मिस्त्री फटीकडे न पाहता आवाजावर पुढे सरकतो. जास्त ठोकले तर सूत आतल्या बाजूने बाहेर येते किंवा फळ्या एकमेकींपासून ढकलल्या जातात. त्यावर खडू आणि जवसाच्या तेलाची लाप, काठापासून किंचित खाली, म्हणजे फळी फुगल्यावर ती बाहेर येणार नाही. आपल्या नव्या होडीला अशा दोनशे मीटरहून जास्त फटी असतील. निविदेत या कामाला चार दिवस दिले आहेत.

पाण्यात उतरवण्याआधी दोन-तीन आठवडे आत ओली पोती अंथरून ठेवायची, दिवसातून दोनदा भिजवायची. मग उथळ पाण्यात, पंप तयार ठेवून, दोन-तीन दिवस बसवायची. ती पहिल्या रात्री गळेल. गळू द्या.

रंगाबद्दल फार लिहीत नाही. जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसे असण्याची शक्यता मोठी आहे. ओला घासा, मास्क लावा, कचरा बागेत टाकू नका.

जुन्या होडीचा मांडव कसा असावा हे शेवटचे. वातानुकूलित हॉल नको, ती तिथे दोन महिन्यांत आणखी फाटेल. वर दुहेरी छप्पर, बाजू उघड्या, पश्चिमेला उन्हाळ्यात खसाचे पडदे, खाली फरशीऐवजी वाळू, जिच्यावर एप्रिलपासून पाणी शिंपडता येईल. ओलावा मोजायचे छोटे यंत्र घ्या आणि चार ठरावीक जागांचे आकडे दर सोमवारी वहीत लिहा. सगळे आकडे १२ ते १६ मध्ये राहिले तर होडीला काही करावे लागत नाही.

एवढे आपण स्वीकारावे अशी विनंती आहे: निविदा रद्द करून तिच्या जागी तीन वेगळी कामे काढा. आधार व छप्पर, मापे व तपासणी, आणि वर्षभरानंतर नवी होडी. पहिल्या दोहोंना कंत्राटदार लागत नाही, एक अनुभवी मिस्त्री आणि चार शिकाऊ मुले पुरतात. तपासणीच्या दोन दिवसांत आम्ही विनामूल्य हजर राहू, आपल्या कार्यालयात तसे कळवले आहे.

निर्णयाला वेळ लागणार, हे समजते. तोवर एक काम उद्याच करून घ्या. होडीच्या बुडाशी मागच्या बाजूला, पठाणाला लागून, रंगाने झाकलेले एक लाकडी बूच आहे. ते काढा, वांकांखालची भोके तारेने साफ करा आणि वर टाकलेली निळी ताडपत्री उचला, तिच्याखाली हवा कोंडते. मृगाला तीन आठवडे उरले आहेत आणि आज होडीच्या पोटात बोटभर पाणी आहे.

आपले,
लाकडी होड्यांच्या कामातील काही जण
वडोदरा